लय बदलावी कशी ?

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या तयारींत आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं एका कोळीगीतासाठीं ढोलकीचा तुकडा संगणकावर घेतला होता. त्याची गति मिनिटाला १२० मात्रांची. गाणें बसविलें होतें ९० मात्रांत. सॉफ्टवेअरमध्यें जी पद्धत प्रथम दिसली ती मुलांनीं लावली, आणि ढोलकी ओल्या घोंगडीवर थापा माराव्या तशी वाजूं लागली. सर्वांनीं माइकला बोल लावला. आमच्या मतें दोष निवडीचा होता.

ग्रामोफोनची तबकडी हळू फिरविली तर गाणें लांबतें, पण स्वरही उतरतो. १२० मात्रांच्या ९० केल्या कीं तीन मिनिटांचा तुकडा चार मिनिटांचा होतो, आणि त्याचा षड्ज मंद्र पंचमावर जाऊन बसतो. संगणक लय व स्वर यांची ही गांठ सोडवितो. मात्र सोडविण्याच्या रीती अनेक आहेत. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्यें बीट्स, टोन्स, टेक्श्चर, काँप्लेक्स अशीं त्यांचीं नांवें आढळतात.

बीट्स ही रीत ध्वनि थापेच्या जागीं कापते, थाप अखंड ठेवते, आणि फरक करते तो दोन थापांमधील अंतरांत. ठाण्याहून कल्याणला जाणाऱ्या पालकांस हें लागलीच उमजेल. धीम्या लोकलला अधिक वेळ लागतो तो कळवा, मुंब्रा, कोपर येथें थांबावें लागतें म्हणून. उतारू कांहीं डब्यांत सावकाश श्वास घेत नाहींत! ढोलकी, ताशा, टाळ्या यांना हीच रीत योग्य. तीच गळ्याला लावाल तर आलापाचे तुकडे पडतील, कारण तेथें कापावयास थापच नाहीं. एकट्या गळ्याला किंवा बांसरीला टोन्स बरी. सर्व वाद्यांसह तयार झालेल्या गाण्याला काँप्लेक्स.

मग सगळ्यांनाच ही शेवटची कां लावूं नये ? ध्वनि त्याच्या घटक स्वरांत फोडून पुन्हां जुळविण्याची जी रीत फ्लॅनगन व गोल्डन यांनीं १९६६ सालीं मांडली, तींत क्षणार्धाची थाप पसरट होते. घोंगडीचें रहस्य हें असें आहे.

महागडें सॉफ्टवेअर मागणाऱ्या मुलांच्या पालकांस सांगावेंसें वाटतें कीं, फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटींतही स्वरासकट वेग बदलणें व केवळ लय बदलणें, अशा दोन वेगळ्या सोयी आहेत. शंभराच्या पंचाण्णव मात्रा करावयाच्या असल्यास यंत्राचें साह्य खुशाल घ्यावें. पण पावपट फरक असेल तर आम्ही म्हणूं, पुन्हां वाजवा. लय उतरली कीं वादक नुसता हळू वाजवीत नाहीं. मोकळी पडलेली जागा तो हलक्या बोलांनीं भरतो. ते बोल मूळच्या तुकड्यांत नसतातच; यंत्र ते आणणार कोठून ?

अखेर डोंबिवलीच्या एका माजी विद्यार्थ्यास बोलाविलें. त्यानें ९० मात्रांच्या लयींत ठेक्याचीं चार आवर्तनें वाजविलीं. गाण्याला तेवढीं पुरलीं.