कच्चा टाका किती दिवस चालवायचा?

छोट्या व्यापाऱ्याकडे किंवा कारखानदाराकडे बहुधा एकच जुनी पिकअप असते. मालेगावहून कापडाचे तागे घेऊन ती भिवंडीला जाते आणि परतताना सुताच्या गोण्या लादून कसारा घाट चढते. वय झाले की तिचा रेडिएटर, होज पाइप किंवा वॉटर पंप कधी ना कधी गळू लागतोच. मग मिस्त्री एखादा स्वस्त तोडगा काढतो, गाडी चालू होते आणि मालक ती गोष्ट विसरून जातो. आमची तक्रार या विसरण्याबद्दल आहे.

तोडग्याला आम्ही नावे ठेवत नाही. शिंपीसुद्धा पक्की शिलाई घालण्यापूर्वी कच्चा टाका घालतो. त्याशिवाय कापड जागेवर राहत नाही. पण कच्च्या टाक्यावरची शेरवानी कोणी गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. गाडीलाही हाच न्याय लावला पाहिजे.

काही तोडगे खरोखर चांगले आहेत. होज पाइप टोकाला फाटला असेल आणि लांबी पुरत असेल, तर फाटका तुकडा कापून पाइप पुन्हा क्लिपने आवळावा. हे काम जवळजवळ पक्केच समजा. पाइप मध्येच चिरला असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळल्यास गॅरेजपर्यंत पोहोचता येते. कित्येकदा दोष फक्त रेडिएटरच्या झाकणाच्या रबराचा असतो. नवे झाकण बसवले की काम भागते. रेडिएटरच्या बाहेरच्या चिरेवर एम-सील लावता येते, पण इंजिन थंड झाल्यावर, जागा घासून व कोरडी करूनच. ओल्या जागेवर ते धरत नाही. साबणाचा मात्र येथे उपयोग नाही. पेट्रोलच्या टाकीला तो तात्पुरता चालतो, पाण्यात विरघळून जातो.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची रीत ड्रायव्हर लोकांत जुनी आहे. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरतात, फुगतात आणि बारीक छिद्रात जाऊन बसतात. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने गोठून तेच काम करतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्राला याने आराम पडतो. पण गळकी नळी कोणती आणि चांगली कोणती, हे हळदीला कळत नाही. गाळ रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचतो, पाण्याचा फेरा मंदावतो आणि गळती थांबलेली गाडी घाटात तापू लागते. म्हणून मुक्कामी पोहोचताच सगळे पाणी काढून रेडिएटर आतून धुऊन घ्यावा.

काही जण झाकण सैल ठेवतात. दाब कमी झाला की गळती कमी होते, हे खरे. परंतु पाण्याला उकळण्यापासून रोखतो तो हाच दाब. साधे पाणी 100 अंशांना उकळते. झाकणाने सुमारे एक किलोचा दाब धरला, तर ते 120 अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल केले की ही वीस अंशांची सवलत गेली. थर्मोस्टॅट काढून टाकणे हाही इलाज नव्हे. इंजिन एरवी थंड राहून डिझेल जास्त जाते आणि गळती होती तेथेच राहते. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून थेंब पडत असतील, तर ते छिद्र बुजवू नये. आतले सील गेल्याची ती खबर आहे. बुजवल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरते. आणि ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागले, तर पाणी इंजिनच्या आत जात आहे असे समजून गाडी उभी करावी. तेथे कोणताही तोडगा चालत नाही.

या सगळ्या हिशेबात एक बाब मालक कधी मांडत नाहीत. तापलेल्या गाडीचे झाकण उघडतो तो ड्रायव्हर किंवा क्लीनर. झाकण फिरताच दाबाखालचे पाणी वाफ होऊन तोंडावर आणि हातावर उसळते. माल वेळेवर पोहोचवण्याची ताकीद देऊन ज्याला रस्त्याला लावले, तो पगारी माणूस इंजिन निवेपर्यंत थांबेल अशी अपेक्षा कशी धरायची? ताकीद द्यायचीच तर "माल उशिरा आला तरी चालेल, गरम गाडीचे झाकण उघडू नकोस" अशी द्यावी.

आमची सूचना साधी आहे. तोडगा कोठे व कोणत्या तारखेला केला, हे गाडीच्या वहीत लिहावे आणि भरलेली गाडी पुन्हा घाटाला लावण्यापूर्वी पक्के काम करून घ्यावे. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला चांगला कारागीर झाळ देऊ शकतो. अॅल्युमिनियमच्या जाळीचा आणि प्लॅस्टिकच्या टाकीचा रेडिएटर मात्र बहुधा बदलावाच लागतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी न भरता कूलंट भरावे, आणि गळलेले कूलंट अंगणात साचू देऊ नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. बकऱ्या, मांजरे आणि लहान मुले यांना त्यापासून जपावे.

झाळकामाची मजुरी जड वाटेल तेव्हा वहीच्या त्याच पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: इंजिनचे हेड वाकल्यावर येणारे बिल, घाटात अडकलेला दुसऱ्याचा माल आणि ड्रायव्हरचा भाजलेला हात. मग मजुरी द्यायची की नाही, ते ठरवावे.