टाकीत उतरले, नदीत कधी उतरणार?



मोर्च्याला आझाद मैदानात गेलो किंवा पेशंट घेऊन परळच्या केईएमला गेलो, की तिथल्या नळाचं पाणी आपण पितो. पाणी आपल्याच भागातलं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाजते आहे, वैतरणा १९५७ पासून. वैतरणेच्या त्या तलावाला नाव दिलं इंजिनियर मोडक साहेबांचं. खोऱ्यातल्या एखाद्या पाड्याचं नाव द्यावं, असं कुणाला सुचलं नाही.

आता त्याच वैतरणेला मिळणाऱ्या गारगाईवर, वाडा तालुक्यात ओगदा गावाजवळ, मुंबई महापालिकेला धरण बांधायचं आहे. रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी बोगद्यातून मोडकसागरात न्यायचं. मध्यंतरी बेत गुंडाळला होता, समुद्राचं खारं पाणी गोडं करू म्हणाले. पुन्हा गारगाईच बाहेर काढली. तज्ज्ञांनी सांगितलं आहे, असं म्हणतात. म्हणून तज्ज्ञांविषयीच बोलू.

मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या खाली इंग्रजांच्या काळातली पाण्याची टाकी आहे. गिरगावापासून कुलाब्यापर्यंतच्या दक्षिण मुंबईला तिचं पाणी जातं. ती पाडून नवी बांधायचं पालिकेनं ठरवलं. ३८९ झाडांवर गदा येणार होती. २०२३ साली रहिवासी उठले. मग समिती नेमली गेली. तिच्यात आयआयटीचे प्राध्यापक होते, आणि रहिवाशांना भरवशाचे वाटणारे जाणकारही होते. ही माणसं टाकी रिकामी करायला लावून आत उतरली, भिंती-खांब बघून आली. पाडायची गरज नाही, दुरुस्ती पुरे, असं त्यांच्यातल्या काहींनी लेखी दिलं. शेवटी पालिकेनं पाडायचा बेत सोडला.

आम्हाला याचा राग नाही. उलट बरं वाटलं. ३८९ झाडं वाचली, छान झालं. पण गारगाईच्या जंगलात झाडं लाखांनी मोजावी लागतात, आणि तिथे तानसा अभयारण्य आहे. तिथे आमच्या भरवशाचा कोणता जाणकार कोणत्या समितीत बसला?

काही साथी म्हणतात, तज्ज्ञ सगळे सरकारचेच. आम्हाला हे पटत नाही. १९९४ साली डॉ. माधव चितळे यांच्या समितीनं मुंबईसाठी मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ ही नावं पुढे केली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, तेव्हाही चौकशी चितळ्यांकडेच दिली. त्या वेळी त्यांच्या समितीनं मिठी नदीची वाट कशी अडवली गेली, नाले कसे अपुरे पडले, हे शहराला सुनावलं. माणूस तोच. फरक प्रश्नाचा. २००५ ला विचारलं, पाणी का तुंबलं? १९९४ ला विचारलं होतं, मुंबईला पाणी कुठून आणायचं? गारगाईकाठच्या माणसानं आणि नदीनं कसं जगायचं, हे त्या प्रश्नात नव्हतंच. मग उत्तरात कुठून येणार? मुंबईच्या नळातून गळती आणि चोरीत जाणारं पाणी आधी वाचवा, असं ठणकावून सांगायलाही कुणी बसवलं पाहिजे ना!

पाणी मोजायची त्यांची रीत चुकीची नाही. पावसाचे आकडे, पाणलोटाचं क्षेत्र, नदीच्या एका ठिकाणी वर्षानुवर्षं मोजलेला प्रवाह, यावरून किती पाणी अडेल ते काढतात. त्याची आपल्यालाही गरज आहे. पण वैशाखात कोणत्या डोहात पाणी टिकतं, कोणत्या झऱ्यावर पाड्यातल्या बाया हंडा भरतात, पहिल्या पावसात वलगणीचे मासे कोणत्या ओहळातून वर चढतात, हे त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात भरणार? रकानाच नसेल तर ते पाणी कागदावर 'वाया जाणारं' ठरतं. नदीचं पाणी समुद्राला मिळालं की वाया गेलं, हे म्हणणाऱ्यानं कधी खाडीतल्या कोळ्याला विचारावं.

पेसा कायद्यानं १९९६ पासून सांगितलंय, जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करा. म्हणजे कायद्यानं आपणही सल्लागारच. फक्त आपल्याला भत्ता नाही, आणि बैठकीचं पत्र बैठक झाल्यावर मिळतं.

तेव्हा आमचं म्हणणं असं. मलबार हिलला जे दिलं तेच द्या. समितीत ग्रामसभेनं निवडलेला जाणकार घ्या. भूजल समजणारा, मासे समजणारा, आणि पाड्यावरचा एक म्हातारा, जो चांगल्या आणि वाईट सालातली नदी बघून बसलाय. पाहणी पावसाळ्यात एकदा आणि वैशाखात एकदा, दोन्ही वेळा आमच्याबरोबर चालून करा. प्रवाह कुठे, कोणत्या महिन्यात मोजला ते उघड सांगा. अहवाल मराठीत द्या, आणि लिहिणाऱ्यांनीच तो ग्रामसभेत वाचून दाखवा. आपसात मत जुळलं नाही तर दोन्ही मतं छापा. टाकीच्या वेळी एकानं 'पुरे' म्हटलं आणि दुसऱ्यानं 'नाही' म्हटलं, तरी मुंबई तहानेनं मेली नाही.

तोवर गावागावांत आपणच एक वही करू. डोह, झरे, ओहळ यांची नावं, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, कोण वापरतं. शाळेतली पोरं लिहितील, म्हातारी माणसं सांगतील. वनहक्काच्या दाव्याला जोडायलाही ती कामाला येईल.