अन्न गोड, हात परका?

सायंकाळ झाली की आपल्या करावे गावाच्या परिसरात 'चायनीज'च्या गाडीवरील कढई खणखणू लागते. कोबी, ढोबळी मिरची व पातीचा कांदा मोठ्या आचेवर परतून त्यात नूडल्स घातल्या, की अल्प मोलात पोटभर अन्न पुढे येते. 'हे परकीय अन्न आपल्या मुलांस कशाला?' असे पुष्कळ वडील मंडळी विचारतात. प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

शेवया आपणांस नवीन नाहीत. आपल्या आज्या उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळवीत. सिंधुदुर्गात तांदळाचे शिरवाळे आजही नारळाच्या गोड रसाबरोबर खातात. चीन देशात लाजिया येथील उत्खननात सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. गाडीवरील फलकावर जे 'हक्का' नाव दिसते, ते तर कलकत्त्यास पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या चिनी समाजाचे. म्हणजे हे अन्न आपल्याच देशातील शेजाऱ्यांनी आपणांस दिले.

परंतु आमच्या मते खरा मुद्दा निराळाच आहे. मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खावा लागे, आणि तोही गुप्तपणे! पुढे सभासदांची नावे बाहेर फुटली आणि लोकभयाने सभा मोडली. आज गाडीपुढील बाकावर रिक्षावाला, कारकून, कोळी व विद्यार्थी खांद्याला खांदा लावून बसतात. रांधणाऱ्याची जात कोणी विचारीत नाही. हा लाभ लहान नव्हे.

तथापि रोटीबंदी गेली म्हणून तुच्छता गेली असे नाही. कढईपुढे पुष्कळदा नेपाळचा अथवा ईशान्य भारतातील तरुण उभा असतो. त्याच्या हातचे मिटक्या मारीत खावयाचे आणि त्यासच 'चिनी' म्हणून हिणवावयाचे, हा कोणता न्याय? लोकांनी धिक्कारलेल्या जकातदारांच्या पंक्तीस प्रभु येशू जेवावयास बसला, हे आपण शाळेत ऐकतो. ते केवळ ऐकण्यासाठी नव्हे.

म्हणून पालकांनी पाणी स्वच्छ आहे काय, तेल ताजे आहे काय, हे अवश्य पाहावे. रोज बाहेर खाण्याचा नादही मुलांस लागू देऊ नये. मात्र अन्नाच्या परकेपणाची चर्चा सोडून द्यावी. आणि विद्यार्थिमित्रहो, ताटली हाती घेताना रांधणाऱ्यास 'दादा' म्हणा. ज्याच्या हातचे अन्न गोड लागते, तो मनुष्य परका कसा?