डिग्री मिळाली, पुढे काय? मुलांच्या डॉक्टरांचा अभ्यास कोण तपासतं?

२०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर आठवतोय? मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून एकामागून एक बातम्या येत होत्या. सर्दी-खोकला झाला म्हणून लहान मुलांना सिरप दिलं, नंतर त्यांची लघवी बंद झाली, किडन्या निकामी झाल्या. यातल्या बऱ्याच मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. वीसपेक्षा जास्त मुलं दगावली.

तपासात कोल्ड्रिफ या सिरपचं नाव पुढे आलं. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने त्याच्या एका बॅचची तपासणी केली, तर त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. हे विषारी रसायन आहे आणि त्याची मर्यादा आहे ०.१ टक्का.

आता बाटलीत विष आहे हे कुठल्याही डॉक्टरला बघून कळणार नाही. ती जबाबदारी कंपनीची आणि तपासणी करणाऱ्या यंत्रणेची. म्हणूनच एका स्थानिक डॉक्टरला अटक झाली तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. पण या प्रकरणातून दुसरा एक प्रश्न उरतोच. इतक्या लहान मुलांना हे औषध मुळात लागत होतं का?

सूचना आली होती, पण पोहोचली का?

कोल्ड्रिफमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन हे दोन घटक होते. १८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय औषध नियंत्रकांनी याच जोडीबद्दल निर्देश दिले होते. चार वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नये, अशी सूचना औषधावर छापा, असं कंपन्यांना सांगितलं होतं.

म्हणजे छिंदवाड्याच्या घटनेआधी जवळपास पावणेदोन वर्षं ही माहिती सरकार दरबारी होती. पुढे ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत.

दिल्लीत निघालेलं पत्र तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यापर्यंत कसं पोहोचतं? इथेच डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचा विषय येतो.

सीएमई म्हणजे काय?

कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन, म्हणजे डिग्रीनंतरही चालू राहणारं वैद्यकीय शिक्षण. व्याख्यानं, कार्यशाळा, परिषदा, ऑनलाइन सत्रं असं त्याचं स्वरूप असतं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास अशा कार्यक्रमांना हजेरी लावणं अपेक्षित आहे. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. सगळ्या राज्यांत मात्र सारखी सक्ती नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले होते. त्यात देशभरासाठी पाच वर्षांत ३० पॉइंटची अट होती. पण तीन आठवड्यांतच ते नियम स्थगित झाले.

जरा हिशोब करू. पाच वर्षांत ३० तास म्हणजे १,८०० मिनिटं. पाच वर्षांचे दिवस साधारण १,८२६. दिवसाला सरासरी एक मिनिट!

अनेक डॉक्टर याच्या कितीतरी पट वाचतात, शिकतात. बालरोगतज्ज्ञांची इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स १९६३ पासून आहे आणि तिचे प्रशिक्षण कार्यक्रम देशभर होतात. अडचण अशी आहे, की नियम तास मोजतो. त्या तासांत काय शिकलं आणि त्यानंतर चिठ्ठी बदलली का, हे तो विचारत नाही.

खर्च कोण करतं?

परिषदेचा हॉल, जेवण, स्टॉल यांचा खर्च बऱ्याचदा औषध कंपन्या उचलतात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता आणली. कार्यक्रमात वक्ता नसलेल्या डॉक्टरांचा प्रवास आणि हॉटेलचा खर्च कंपनीने करू नये, परदेशात असे कार्यक्रम घेऊ नयेत, असं त्यात म्हटलंय. मुद्दा साधा आहे. नवं औषध आलं की ते सांगायला कंपनीचा माणूस दवाखान्यात येतो. पण एखादं औषध लहान मुलांना देऊ नका, हे सांगायला कोण येणार?

टीनएजर्सचं काय?

प्रश्न फक्त सिरपचा नाही. समजा, १७ वर्षांची गर्भवती मुलगी आईसोबत दवाखान्यात आली. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. नाव बाहेर येईल या भीतीने अशा मुली डॉक्टरकडे जायचंच टाळतात आणि भलत्याच ठिकाणी गर्भपात करून घेतात. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की संमतीच्या संबंधांतून गर्भ राहिला असेल आणि मुलगी व पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही.

२००५ साली डिग्री घेतलेल्या डॉक्टरच्या अभ्यासक्रमात यातलं काहीच नव्हतं, कायदाच नव्हता. त्याला हा निकाल माहीत असेल तर मुलीवर सुरक्षित उपचार होतील. माहीत नसेल तर तो घाबरून तिला परत पाठवू शकतो.

मग करायचं काय?

तासांची अट ठेवा, पण त्यातले काही तास ठरावीक विषयांसाठी राखून ठेवता येतील. लहान मुलांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला, मग तो बालरोगतज्ज्ञ असो की फॅमिली डॉक्टर, औषधांबद्दलच्या ताज्या सूचना आणि मुलांविषयीचे कायदे यांचं सत्र सक्तीचं करता येईल. नोंदणीसोबत मोबाइल नंबर असतोच, मग धोक्याची सूचना त्यावर त्याच दिवशी का जाऊ नये? गावागावांत बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरही मुलांना तपासतात. त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत, त्यामुळे त्यांनाही यात घ्यावं लागेल.

तोपर्यंत पालक म्हणून तुम्ही तीन प्रश्न विचारू शकता. हे औषध खरंच लागणार आहे का? यात कोणकोणते घटक आहेत? माझ्या मुलाच्या वयाला ते चालतं का? यात डॉक्टरवर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. अभ्यास चालू ठेवणारा डॉक्टर या प्रश्नांवर चिडणार नाही. आणि मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून सिरप आणणार असाल, तर त्याआधी एकदा डॉक्टरांना फोन करा.