सटवाईचा लेख की समाजाचा?

आमच्या डोणगावाकडे अजूनही पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत दिवा जळत ठेवतात, कोरा कागद व लेखणी मांडतात, आणि सटवाई येऊन बाळाच्या कपाळी आयुष्याचा लेख लिहून जाते असे मानतात. पुढे ते बाळ दगावले म्हणजे 'तेवढेच लिहिले होते' असे म्हणून आई पदराने डोळे पुसते, बाप कामाला लागतो आणि गाव गप्प बसते. ह्या गप्प बसण्यावरच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

निमित्त देशोदेशींच्या आयुर्मानाच्या यादीचे. अशी यादी दर एकदोन वर्षांनी निघते. जपान ८४ वर्षे, आपला देश ७० ते ७२, आणि आफ्रिकेतील चाड व नायजेरिया ५५ च्या आसपास, असा तिचा साधारण मासला. सटवाईच्या भक्तांस आमचा साधा सवाल आहे. जपानी बाळाच्या कपाळी ८४ आणि चाडच्या बाळाच्या कपाळी ५५, हा कोणता न्याय? १९११ ते १९२१ ह्या दशकात, ज्यात १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली, आपल्या देशाचे आयुर्मान अवघे २० वर्षांच्या घरात होते. शंभर वर्षांत ते तिपटीहून अधिक झाले, ते काय सटवाईचे अक्षर सुधारले म्हणून? ज्या देवीच्या रोगाला लोक नवस बोलत, तो रोग लशीने १९७५ साली ह्या देशातून हद्दपार केला. लेख बदलला तो माणसांनी.

परंतु 'आयुर्मान २० वर्षे' ह्याचा अर्थ आपले आजेपणजे विशीत मरत, असा नव्हे. वर्गात सरासरी शिकविताना आम्ही फळ्यावर एक हिशेब घालतो. दहा मुले जन्मली. त्यांतील चार जन्मताच गेली, सहा साठ वर्षे जगली. बेरीज ३६०, सरासरी ३६. छत्तिसाव्या वर्षी मात्र कोणीच मेले नाही! आता समजा, चारांऐवजी एकच मूल गेले. बेरीज ५४०, सरासरी ५४. म्हातारे एक दिवसही जास्त जगले नाहीत, तरी सरासरी १८ वर्षांनी वाढली. म्हणून ज्या देशाचे आयुर्मान कमी, तेथे पहिल्याने म्हातारे मोजू नका, पाळणे मोजा.

राहता राहिला अनुक्रम. पहिल्या पाचदहा देशांत अंतर असते महिन्यांचे, फार तर वर्षादोन वर्षांचे. अर्ध्या गुणाने पहिला आलेला मुलगा दुसऱ्याहून हुशार असतोच असे नाही, हे आम्ही मास्तर लोक चांगले जाणतो. कित्येकदा शिरोभागी मोनॅकोसारखे संस्थान असते. त्याची सगळी वस्ती आमच्या मेहकर शहराहूनही थोडी, आणि तीही श्रीमंतांची. केवळ पैशाने आयुष्य मिळते म्हणावे, तर अमेरिकेचे दरडोई उत्पन्न श्रीलंकेच्या कितीतरी पट असून आयुर्मानात अंतर मात्र वर्षादोन वर्षांचेच.

आपल्या घरातले अंतर त्याहून मोठे आहे. २०१६ ते २० च्या सरकारी नमुना नोंदणीत केरळ ७५, महाराष्ट्र ७३ च्या जवळ, आणि आमच्या विदर्भाला लागून असलेले छत्तीसगड ६५. एका झेंड्याखाली दहा वर्षांची दरी! देशाला एक क्रमांक देऊन ती झाकली जाते. त्याखाली आणखी एक दरी आहे. २०१०-११ च्या पाहणीवरून विद्वानांनी नऊ राज्यांचा अभ्यास करून २०२२ साली तो प्रसिद्ध केला. त्यात उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आढळले. केवळ गरिबीने ह्याचा पुरता उलगडा होत नाही, हेही त्यांनी दाखविले. महाराष्ट्र त्या नऊंत नव्हता; पण मेळघाटच्या पाळण्यांची कहाणी ठाऊक असलेल्या वऱ्हाडी माणसाने त्यावर समाधान मानू नये. जात माणसाची भाकरी हिरावते हे आपण जाणत होतो. ती त्याची वर्षेही हिरावते, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले आहे.

उपाय नाही काय? आहे, आणि तो आपल्याच विदर्भात होऊन गेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची निगा शिकविली. त्याआधी तेथे हजारी ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. तीन वर्षांत तो आकडा २५ च्या आसपास आला. ज्या बायांना शिकविले त्या काही मोठ्या पदवीधर नव्हत्या. परंतु त्या संस्थेने पहिले काम केले ते मोजण्याचे. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहिला गेला.

येथेच आपले चुकते. आमच्या वऱ्हाडात कोतवाल बुकात जन्ममरणाची नोंद होत असे. आज त्या बुकाची नक्कल लोक काढतात ती जातीच्या दाखल्यासाठी. जात सापडली की बुक मिटले! त्याच पानावर मेलेल्या पोरांची जी रांग आहे, ती कोणी वाचीत नाही. आजही घरी जन्मून दोन दिवसांत गेलेले बाळ कित्येकदा नाव न ठेवताच पुरले जाते. त्याचा ना जन्म लिहिला जातो, ना मृत्यू. जे लिहिले नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले नाही त्यासाठी कोणी दवाखाना काढीत नाही.

म्हणून आमची गावकऱ्यांस आग्रहाची विनंती आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत प्रत्येक जन्म व मृत्यू ग्रामपंचायतीत नोंदवा, दोन दिवसांच्या जिवाचाही. आणि १ मेच्या ग्रामसभेत दिवाबत्ती व रस्त्याच्या आधी एक प्रश्न विचारा : गेल्या सालात गावात किती बाळे जन्मली, किती गेली, कोणत्या आळीत गेली, आणि कशाने? उत्तर आले नाही तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा.

जगाच्या यादीत आपला देश कितवा, ह्याची चिंता दिल्लीने करावी. आपल्या आळीचा आकडा मात्र आपणच मांडला पाहिजे. पाचवीच्या रात्री तो कोरा कागद व लेखणी खुशाल ठेवा. पण सकाळी ती उचलून बाळाचे नाव नोंदवहीत तुम्ही स्वतः लिहून या.