घोरपडीला ऊब देताना

डिसेंबरात वडूजच्या शिवारात जेसीबीने बांध उकरला की कधीकधी बिळात निजलेली घोरपड बाहेर पडते. शेपटीला यंत्राचा दात लागलेला, अंग गार पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. पोरे पोत्यात घालून ती दवाखान्यात आणतात आणि आपला हात सवयीने सिरिंजकडे जातो. जखमेतून रक्त वाहत असेल तर ते थांबवा. बाकी सगळे ऊब दिल्यानंतर. गार अंगात औषध नीट शोषले जात नाही, प्रतिकारशक्ती मंदावलेली असते आणि बळेच भरवलेले अंडे पोटात नासते.

ऊब कशाने द्यायची, हा खरा प्रश्न. कोंबडीच्या पिलांसाठीचा २५० वॅटचा लाल दिवा आपल्याकडे कुठेही मिळतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही तोच क्रेटवर वीतभर उंचीवर टांगला होता. सकाळी त्या घोरपडीच्या पाठीवर तळहाताएवढा फोड होता. क्रेटमध्ये तिला सरकायला जागाच नव्हती. चूक दिव्याची नव्हती, आमची होती. ती गोष्ट आजही मनाला लागून आहे.

तेव्हापासून आम्ही निदान चार फुटी पेटी वापरतो आणि दिवा एकाच टोकाला लावतो. पण जखमी जनावर हलतच नसेल, तर गरम टोक आणि गार टोक याचा त्याला काय उपयोग? अशा वेळी आधी सगळी पेटी काही तासांत हळूहळू तिशीपर्यंत न्यावी. घोरपड चालू लागली, की मग एका टोकाला जास्त ताप द्यावा. उन्हात हिंडणाऱ्या धडधाकट घोरपडीचे अंग साधारण ३३ ते ३६ अंशांवर असते, हे ध्यानात ठेवावे.

दिवसा हॅलोजनचा फ्लड बल्ब चांगला. त्याची ऊब उन्हासारखी वरून येते आणि कातडीखाली उतरते. रात्री उजेड नको, म्हणून सिरॅमिक हीटर. तो भयंकर तापतो, तेव्हा चिनी मातीचा होल्डर आणि भोवती तारेची जाळी हवीच. पोटाखालची हीट मॅट आम्ही वापरत नाही; निपचित जनावर एकाच जागी पडून भाजते. यातल्या कशातूनही यूव्हीबी मिळत नाही, त्यामुळे मुक्काम लांबला तर सकाळचे ऊन द्यावे, काचेआडून नव्हे.

उबवणी यंत्राचा थर्मोस्टॅट सिरॅमिक हीटरला चालतो. मात्र त्याचा सेन्सर पाठीच्या उंचीवर पक्का बांधा. घोरपडीच्या धडकेने तो पेटीबाहेर पडला, तर थर्मोस्टॅट खोलीचा गारठा मोजत राहील आणि हीटर बंदच होणार नाही. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोधडीत गुंडाळून पेटीला बाहेरून लावाव्यात.

घोरपड घरी पाळायची आहे, दिवा कोणता घेऊ, असेही आम्हाला विचारले जाते. त्यांना आम्ही दिवा सांगत नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणे गुन्हा आहे. आपल्याकडे आलेल्या जनावराचीही ४८ तासांच्या आत वर्दी द्यावी लागते. पोते सोडतानाच वनविभागाला फोन करावा. पुढचा उपचार त्यांच्या संमतीने.

आणि बरी झाली म्हणून संध्याकाळी घाईने सोडू नका. सापडली त्याच बांधाजवळ, वनरक्षकाच्या साक्षीने, भर दुपारी जमीन तापलेली असताना सोडा. अंधार पडायच्या आत तिला बीळ शोधायचे असते.