पोट्टं बरं असन नं?

आमच्या आईला टीव्हीशी बोलायची सवय. 2017 च्या मे महिन्यात झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली आणि शेगावातल्या आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक मालिकेच्या आधी उरकू लागला. आईची बोली वऱ्हाडी, मालिकेची सातारी. सुरुवातीला ती एकेका शब्दाचा अर्थ मला विचारायची, पंधरा दिवसांत विचारणं थांबलं. मालिकेचा नायक अज्या फौजेत जायचं म्हणून जीव तोडून पळतोय, शितलीशी भांडतोय, त्याची आजी जिजी सगळ्या घराला फैलावर घेतेय, मामी फणकारतेय आणि इकडे आई तोंडाला पदर लावून हसतेय. मग एके दिवशी अज्या फौजेत गेला. जाहिराती लागल्या तशी आई माझ्याकडे वळून म्हणाली, “पोट्टं बरं असन नं रे तथी?”

अज्या म्हणजे नितीश चव्हाण नावाचा नट आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं. यंदाच्या दिवाळी अंकाचं संपादकीय लिहायला बसलो तेव्हा दुसरे पुष्कळ विषय समोर होते, पण मन या प्रश्नापासून हलेना.

ज्याच्यावर हसलो त्याचीच काळजी वाटते, हे आमच्याकडे दहाव्यालाही दिसतं. नदीवर माणसं जमतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे गप्प असतात. मग कुणीतरी हळूच गेलेल्या माणसाची एखादी फजिती सांगतो. कधी त्यानं बैलगाडी थेट नाल्यात घातली होती, कधी लग्नात दुसऱ्याच मांडवात जाऊन जेवून आला होता. लोक हसतात, आणि हसता हसताच घरच्यांचा बांध फुटतो. आठ-नऊ दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेला मुलगा तेव्हा रडतो. कीर्तनकारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. आख्यान कितीही करुण असो, चांगला बुवा आधी मंडपाला हसवतो.

अमेरिकेतल्या ‘मॅश’ या मालिकेनं हेच युद्धाच्या बाबतीत केलं. 17 सप्टेंबर 1972 ला ती सुरू झाली आणि 28 फेब्रुवारी 1983 ला संपली. कोरियाचं युद्ध तीन वर्षं चाललं, त्यावरची ही मालिका अकरा वर्षं चालली. आघाडीजवळच्या तंबूंच्या छावणीतलं लष्करी इस्पितळ, थकलेले डॉक्टर, परिचारिका आणि त्यांचा अखंड चाललेला थट्टामस्करीचा कारभार. मी ती पुण्यात शिकत असताना एका मित्राच्या खोलीवर सीडी लावून पाहिली. निम्मे विनोद डोक्यावरून गेले, पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. तिथल्या रिवाजाप्रमाणे मालिकेत मागून हशा वाजायचा. शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरलं की तो बंद व्हायचा. करणाऱ्यांनी तो तिथे वाजूच दिला नाही. डॉक्टर तिथेही विनोद करत, पण त्याला साथ द्यायला कुणी नसे. हत्यारांचा तेवढा आवाज.

1975 च्या मार्चमधला एक भाग मला विसरता येत नाही. तुकडीचा प्रमुख हेन्री ब्लेक, साधा, गोंधळलेला, सगळ्यांचा लाडका माणूस, सुटून घरी निघालाय. भागभर निरोपाची मजा चालते. शेवटी रडार नावाचा कारकून पोऱ्या शस्त्रक्रियेच्या खोलीत येतो आणि सांगतो, ब्लेकचं विमान समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. बहुतेक कलाकारांना हे शेवटचं पान चित्रीकरणाच्या वेळेपर्यंत दाखवलेलं नव्हतं. बातमी ऐकूनही तिथलं काम थांबत नाही, कारण टेबलावर जखमी आहेत. मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात. ब्लेकवर तीन वर्षं हसलेले लोक त्या रात्री आपल्या दिवाणखान्यात सुन्न बसले. ‘मॅश’चा अखेरचा अडीच तासांचा भाग दहा कोटींहून अधिक माणसांनी पाहिला. त्यातला कुठलाही सेनापती त्यांना पाहायचा नव्हता. त्यांची ती दहा-बारा माणसं घरी पोचतात का, एवढंच पाहायचं होतं.

त्याच युद्धात आपलीही माणसं होती. नोव्हेंबर 1950 मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली भारताचं 60 वं पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स पथक कोरियाला पोचलं आणि त्या थंडीत त्यांनी जखमींवर उपचार केले. युद्ध थांबल्यावर कैद्यांची जबाबदारी घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. त्या तंबूंत मराठी, तमिळ, पंजाबी माणसं एकमेकांची कशी थट्टा करत असतील, घरच्या जेवणाच्या आठवणी कशा काढत असतील? यावर कुणीतरी मराठीत मालिका लिहावी, असं मला फार मनापासून वाटतं.

तोवर माझ्यापुढे ‘लागिरं’च आहे. तिचे लेखक तेजपाल वाघ यांनी लिहिलं ते घर, आणि साताऱ्याकडची घरं फौजेनं भरलेली. अपशिंगे या गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द कायमचा चिकटलाय. त्यामुळे मालिकेतली लढाई सीमेपेक्षा अंगणात जास्त होती. फोन लागत नाही, रजा रद्द होते, पाहुणे उगाच काहीतरी विचारतात. पुढे मालिका लांबली, कारस्थानं वाढली, ती मला आवडली नाहीत. पण जिजी पडद्यावर आल्या की ते सगळं माफ व्हायचं. ती भूमिका करणाऱ्या कमल ठोके आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. नोव्हेंबर 2020 मध्ये त्या गेल्या, तेव्हा आमच्या घरात आपलं माणूस गेल्यासारखी शांतता होती.

त्याच्याही आधी, मालिका चालू असतानाच, 14 फेब्रुवारी 2019 उजाडला. पुलवामात सीआरपीएफचे 40 जवान गेले. त्यातले दोघे आमच्या बुलडाणा जिल्ह्यातले. लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड आणि मलकापूरचे संजय राजपूत. मलकापूर आमच्याच लोहमार्गावर, मध्ये नांदुरा आणि जलंब, की आलं शेगाव. त्या रात्री वाहिन्यांवर फक्त आरडाओरडा होता. प्रत्येक जण बदल्याचं बोलत होता, गेलेल्या माणसाबद्दल कुणी काही सांगत नव्हतं. आईनं आवाज बंद केला. पडद्यावरच्या फोटोंकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “याइच्या घरी जिजी असन का रे?”

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या दिवसांत जिल्ह्यात झालेल्या सगळ्या भाषणांपेक्षा आईचा हा प्रश्न त्या दोन घरांच्या जास्त जवळ होता. दोन वर्षं एका फौजीच्या घरात बसून हसली नसती, तर हा प्रश्न तिला सुचला नसता असं मी ठामपणे मानतो. बातमीत जवान आपल्याला भेटतो तो तिरंग्यात गुंडाळलेला. तो कुणाची नक्कल करायचा, जेवताना काय मागून घ्यायचा, आजीला काय म्हणून चिडवायचा, हे बातमीत नसतं. आणि ते ठाऊक नसलं की आपण केवळ आकडा ऐकतो, 40.

या अंकात कथा आहेत, कविता आहेत, वऱ्हाडी बोलीवरचा दीर्घ लेख आहे. तरी एक जागा मला मोकळी वाटते, आणि ती भरायला वाचकांची मदत हवी आहे. तुमच्या घरातून, गल्लीतून, गावातून कुणी फौजेत, सीआरपीएफमध्ये, सीमा सुरक्षा दलात असेल किंवा होतं, तर त्यांची पत्रं काढा. पराक्रमाच्या हकिकती इतरही कुणी छापेल. आम्हाला हवं आहे ते पत्रातलं हसरं पान. बराकीतला स्वयंपाक, बर्फात हरवलेला मोजा, रजेच्या अर्जातली थाप, आईला घातलेली कोडी. जे परत आले त्यांचं पाठवा, आणि जे आले नाहीत त्यांचंही, घरच्यांची तयारी असेल तरच. नाव छापायचं की नाही हे तुम्ही सांगाल तसं. पुढच्या वर्षीच्या अंकाची पहिली सोळा पानं आम्ही त्यासाठी राखून ठेवली आहेत.

आपल्याला आणि सीमेवरच्या सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.

— संपादक, शेगाव